म पासून सुरू होणारे शब्द

परळच्या तळघरात बारा वर्षं मी लोकांना सांगते आहे,
हलू नका.
अंगावरचं काढायला लावते: कुड्या, पिना, नथ,
पदराला टाचलेली ती एक सेफ्टीपिन जी प्रत्येकीची राहतेच,
आणि हातात रबरी फुगा देते. घाबरलात तर दाबा.

दमयंती वैतींनी दाबला नाही.
वेसाव्याहून आलेल्या, पहाटेचा लिलाव मुलीवर सोपवून.
"आवाज कसला करतंय गो हे," एवढंच म्हणाल्या,
"आमच्या बोटीचं इंजिन बरं.
ते बंद पडलं की भीती वाटते, हे चालू झालं की."

डाव्या कानाच्या वर, आत, लिंबाएवढी गाठ.
कापण्याआधी डॉक्टर सुनावालांना विचारायचं होतं
की या बाईंचं बोलणं नेमकं राहतं कुठं.
पुस्तकात उत्तर आहे: डावीकडे, इथे.
पुस्तकातला मेंदू मी पाहिलाय.
शेकडो डोकी ताणून, दाबून, एकावर एक ठेवून
जे उरलं, ते.
गुळगुळीत. सुबक. कुणाचाच नाही.
वॉर्ड ऑफिसच्या नकाशावर कोळीवाडा असतो तसा,
एक राखाडी डाग,
आत ना बोळ, ना बोंबलांच्या वलांडी,
ना कुणाच्या ओट्यावरून गेलं की लवकर पोचतं ते.

मी माइकवर म्हटलं,
आता मनातल्या मनात म पासून सुरू होणारे शब्द.
ओठ हलवायचे नाहीत.
अर्धं मिनिट शब्द, अर्धं मिनिट काही नाही,
पुन्हा शब्द.

पडद्यावर विचार दिसत नाही,
हे नातेवाइकांना रोज सांगावं लागतं.
दिसतं ते रक्त,
तेही शब्द होऊन गेल्यावर चार-पाच सेकंदांनी पोचलेलं,
पाहुणे उठल्यावर चहा घेऊन येणाऱ्या पोरासारखं.
त्या उशिरावरच आमची सगळी गणितं.

त्यांचं रक्त उजवीकडे गेलं.
पुस्तकातल्या जागी जवळजवळ अंधार,
आणि पलीकडे, कुणी विचारलंच नव्हतं तिथं, उजेड.
डावं-उजवं उलटं तर आलं नाही?
कपाळाला डावीकडे चिकटवलेली खुणेची गोळी तपासली.
पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच.
तिसऱ्यांदाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, जे विचारायचं नसतं:
काय काय म्हणालात?
"मांदेली, मुडदुशी, माकूल, मुशी,
मग सुचेना म्हणून परत मांदेली."
त्याच आठवड्यात बँकेतून निवृत्त झालेले एक नाडकर्णी
मुद्दल, मुदत, मॅनेजर म्हणाले होते.
कॉलेजातला एक पोरगा मोबाईलच्या पुढे जाईना.
मुंबई अजून कुणालाच सुचलेली नाही.

डॉक्टर पडद्यापुढे बराच वेळ उभे होते.
मग आखलेली रेघ त्यांनी पुसली, दुसरीकडून आखली.

रविवारी, मशीन रिकामं असतं तेव्हा,
चाचणीसाठी मी स्वतः आत झोपते.
काही करायचं नसतं. समोर एक फुली, तिच्याकडे बघायचं.
काही न करतानाही डोकं गुणगुणतं,
आणि ज्याची त्याची गुणगुण निराळी.
नाव झाकलं तरी प्रोग्राम बहुतेक वेळा ओळखतो:
ही तीच, जूनमधली.
तिसरीत डाव्या हातावर फुटपट्ट्या खाऊन
मी उजव्यानं लिहायला शिकले.
माझ्या नकाशात ती फुटपट्टी कुठे आहे
हे मी कुणाला दाखवायला सांगितलेलं नाही.

पाच महिन्यांनी दमयंतीबाई आल्या, डोक्याला रुमाल,
कागदात सुकट. सेफ्टीपिन या वेळीही राहिलेली.
शब्द आहेत ना सगळे, मी विचारलं.
"एक गेलाय."
कुठला?
"तो ठाऊक असता तर गेला म्हटलं असतं का?"
आणि स्वतःच फुगा हातात घेऊन आडव्या झाल्या.