मधल्या चौकटी

माझ्या कार्डाला तीन पंखे आहेत.
सारेमा बेटावर एवढं महागडं यंत्र
कुरेसारेच्या दंतवैद्याकडेही नसेल,
असं मी बहिणीला सांगायचो.
केर्ली म्हणायची, दात तरी काढतं का?

मार्चमध्ये ती तार्तूहून आली
उसन्या कॅमेऱ्यात बाबांना भरून.
बाबा शेडमध्ये ज्युनिपरच्या सुऱ्या करतात, लोण्याच्या;
उन्हाळ्यात फेरीतून उतरणारे फिनिश लोक
वास घेऊन घेऊन विकत घेतात.
त्यांच्या सत्तरीला दहा मिनिटांची फिल्म करायची होती तिला.
'तुझ्या राक्षसावर होईल ना रे?'
मी खुर्ची पुसून दिली.

प्ले दाबलं.
बाबांनी रंधा उचलला
आणि रंधा हवेतच राहिला.
मग एकदम फळीच्या दुसऱ्या टोकाला.
ढलपी कुठून निघाली, कळलंच नाही.
आवाज मात्र सरळ चाललेला,
चित्राची वाट न बघता.

रात्रभर गेममध्ये
सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चौकटी ओतणाऱ्या यंत्राने
माझ्या बापाच्या पंचवीसांपुढे हात टेकले.

टास्क मॅनेजर उघडला.
प्रोसेसर शंभर टक्के, घामाघूम.
कार्ड तीन टक्के,
लग्नघरातल्या जावयासारखं,
पंखेसुद्धा फिरत नव्हते.

दोष तसा कुणाचाच नाही.
कॅमेरा लिहितो दहा बिटांत, फोर टू टू;
रंगांची इतकी बारीक अक्षरं
माझ्या पिढीच्या कार्डाला कुणी शिकवलीच नाहीत.
ड्रॅगनच्या एकेका खवल्यावर चंद्र उगवणं जमतं त्याला.
शेडमधला राखाडी उजेड नाही.

आणि हे कोडेक पुरतं चित्र क्वचितच ठेवतं.
एक धरतं, पुढे नुसता फरक:
मागच्या क्षणापासून काय हललं.
खिडकी तीच, भिंत तीच, बाबांचा विटका कार्डिगन तोच,
हात तेवढा सरकला.
घरी आम्हीही असेच राहतो,
फक्त फरक लिहायचा राहून जातो.

केर्ली म्हणाली, प्रॉक्सी करू, हलक्या प्रती.
मी हट्टाला पेटलेलो.

पहाटे दोनला सापडलं.
प्रोसेसरच्याच कुशीत एक छोटं ग्राफिक्स असतं,
फुकट आलेलं.
मशीन जोडलं त्या दिवशी
मीच ते बायोसमध्ये बंद केलं होतं.
याचं काय काम, असं म्हणून.

त्याला ही लिपी येत होती.

चालू केलं. मशीन पुन्हा उठलं.
एडिटरमध्ये उलगडायचं काम त्याच्या नावावर लिहिलं
आणि ढलपी निघाली,
वळत, वळत, पातळ होत, बाबांच्या मनगटावर पडली.
केर्लीने माझ्या पाठीत गुद्दा घातला.
आम्ही हसत होतो.
मग बाबांनी तयार सुरी उजेडाकडे धरली.

डावा हात.
अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी चाललेलं,
मासा गळाला लागण्याआधी दोरी हलते तसं.
मला वाटलं, कॅमेरा हलला.
पण खिडकीची चौकट जागेवर होती.

मागे नेलं. पुन्हा लावलं.
दिवसभर सगळं अडखळत होतं
तेव्हा बाबांचा हात दगडासारखा स्थिर होता.
थरथर होती ती नेमकी
गळलेल्या चौकटींत.

केर्लीने विचारलं, हे कापता येईल?
येईल, म्हटलं मी.
तिने माउस हातात घेतला नाही.
मीही नाही.

सकाळी बाबा काळ्या पावाचं ताट घेऊन दारात.
'चालतंय का तुमचं?'
चालतंय.
'अडकत नाही आता?'
नाही बाबा. एकही चौकट सुटत नाही.
'बरं,' म्हणाले,
ताट टेबलावर ठेवलं
आणि डावा हात खिशात घातला.

हिवाळाभर तो तिथेच असायचा.