घंटेकऱ्याचं घर

इथं घरांना आडनावं नसतात, कामांची नावं असतात.
लोहाराचं घर: शनिवारी बार्सिलोनाची माणसं येतात.
घाण्याचं: कुलूप.
रेमेई राहते घंटेकऱ्याच्या घरात.

घंटा युद्धाच्या साली उतरवली,
खेचराच्या गाडीतून वितळवायला नेली.
आजा सांगायचा, उतारावर चाक निखळलं
आणि ती एकदाच वाजली, आडवी,
हेझलनटच्या झाडांत.

नवी घंटा विजेची. तीन मिनिटं मागे.

मंगळवारी पावाची गाडी भोंगा देते
तेव्हा रेमेई जिना उतरते,
एउदाल्दशी पाण्याच्या पाळीवरून भांडते.
झरा आटून सहा वर्षं झाली,
तरी पाळी तिचीच.

मग पावावर टोमॅटो चोळते, तेल, मीठ,
आणि जेवायला बसते
घंटेच्या तीन मिनिटं आधी.