सात आणि आठच्या मधे

मी उद्यमनगरात मोटारी भरतो.
तांब्याची तार, वार्निश, जळक्या कॉइलचा वास.
पाण्याशी माझा संबंध पंपापुरता,
तोही पंप पाण्याबाहेर आल्यावर.

तरी केरबानानांचा निरोप आला :
"पुतण्यानं मालवणातनं जुनं यंत्र आणलंय.
मासं दिसत्यात म्हणं त्यात.
मला नुसती रांगोळी दिसतीया."

म्हणून आज काळम्मावाडीच्या धरणात,
फायबरच्या होडीत, ट्रॅक्टरची बॅटरी गुडघ्यांत धरून
मी इंग्रजी मेनू वाचतोय,
जन्मात काहिलीतसुद्धा न बसलेला माणूस.
नानांनी पोरवयात
गुळाची काहील वल्हवत दूधगंगा ओलांडलेली.
सांगतात, काठाची काकवी चाटत चाटत.

पहिली चूक लगेच सापडली.
यंत्र अजून समुद्रातच होतं.
पाणी : खारं.
मी ते गोडं केलं.
"एवढं सोपं असतंय व्हय?" नाना म्हणाले.

मग ती मासळीची चित्रं.
बुडालेल्या बाभळीच्या फांदीला मासा,
बुडबुड्याला मासा,
आमच्याच वल्ह्याला मासा,
कल्ले-शेपटीसकट, शाळेच्या तक्त्यावरच्यासारखा.
ती बंद केली
तर पडदा एकदम गरीब झाला.

संवेदनशीलता दहावर नेली :
सगळ्या पाण्याला गोवर उठला.
चारवर आणली :
खाली तळ, वर निवांत निळं,
जणू धरणात कुणी राहतच नाही.
"वाढीव. आता कमी कर. अगा, एवढी न्हवं."
लेथवर शेवटचा कट घेताना
मिस्त्री पाठीमागून बोलतो, तस्सं.

खोलीला तीन मापं होती.
फूट, मीटर आणि फॅदम म्हणून एक भलतंच.
रेंज नव्हती, विचारणार कुणाला?
नुसतं लावून पाहिलं. आकडा आला सहा.
नानांनी बिडाचं वजन बांधलेली दोरी सोडली,
तळाला टेकली तशी ओढून घेतली,
दोन्ही हात पसरून पसरून मोजली
आणि माझ्याकडं असं बघितलं
की मीच काहीतरी लपवून ठेवलेलं.
"सहा परस.
आमचा आजा आड ह्याच मापानं खणायचा.
ह्या डबड्याला कुणी सांगितलं?"

इंजिन बंद केलं. वारा नव्हता.
पडद्यावर एक रेघ निघाली, जाड,
उजवीकडून डावीकडं, संपेचना.
"ईऽऽ केवढा वाम!"
वाम नव्हे नाना, एवढासा असेल कायतरी.
ह्यात फक्त उजवी कड आत्ताची.
बाकी पडदाभर दिसतंय ते होऊन गेलेलं.
आपण थांबलोय, तोही थांबलाय,
म्हणून तो लांब होत चाललाय.

नाना बराच वेळ रेघ बघत राहिले.
त्यांची बायको गेल्याला तेव्हा आठवडे झाले होते चौदा.
हे मला नंतर कळलं, पुतण्याकडून.
तेव्हा मी आपला वायरीला टेप मारत होतो.

मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं.
एकदा. थांबले. परत अर्धं.
सात आणि आठच्या मधे
पाण्यातली घाण पातळ झाली
आणि बुडाच्या पिवळ्या पट्ट्याला खेटून
एक वाकडी कमान उमटली, नखाएवढी.
"ह्यो मरळ," म्हणाले. "बोलू नगंस."

बोललो नाही.
मिळाल्या मात्र चिलापी, चार.
दोन मला दिल्या, मजुरी म्हणून,
आणि बटणाशेजारी सुनेच्या नेलपॉलिशचा
एक लाल ठिपका देऊन टाकला.

संध्याकाळच्या एस.टी.त
पिशवी गळत होती.
"काय वास मारतोय रं?" कंडक्टर.
मी खिडकीकडं तोंड केलं.
उसाचे फड मागं मागं सरकत होते,
आणि काचेच्या पुढच्या कडेला
काहीतरी सारखं नवं येत होतं.