आंब्याची फळी

मे महिन्यात लकडगंजात
सत्तेचाळीस अंशांना लोक 'मेलो आता' म्हणतात.
माझ्या भट्टीत त्या आकड्याला
अजून जागही आलेली नसते.

शंभरावर पाणी निघतं.
आधी मोकळं, पोकळ्यांत साचलेलं,
मग पेशींच्या भिंतींना बिलगून बसलेलं,
जे हलता हलत नाही,
लग्न उरकूनही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यासारखं.

दीडशेच्या पुढे काटा सरकला
की मी स्टूल जवळ ओढते.
डब्यातली पोळी तशीच राहते.
आत वाफ कोंडलेली. ऑक्सिजनला दार बंद,
तो शिरला तर शिजणं नाही, होळी.

पहिलं मोडतं हेमिसेल्युलोज:
आखूड फांद्यांची साखर, पाण्याची लाडकी.
जाताना ती आंबट होऊन जाते.
ॲसेटिक ॲसिड चिमणीतून गल्लीत उतरतं
आणि समोरचा टायरवाला ओरडतो,
"ओ मॅडम, आज लोणचं घातलं का?"

सेल्युलोजचे लांब सरळ धागे
बराच वेळ तग धरतात.
आणि लिग्निन.
कॉलेजात त्याची आकृती मला कधीच पुरी काढता आली नाही.
कडीला कडी, कुठूनही सुरू होते,
कागद संपतो, ती संपत नाही.
सरांनी दोन गुण कापले. शेरा: अपूर्ण.
इथं दोनशेवर ते
काही जागी तुटतं
आणि तुटल्या टोकांनीच शेजारच्याला धरतं,
घट्ट, भलत्याच ठिकाणी.
बाकीचं निघून गेलेलं, म्हणून
उरलेल्या फळीत त्याचा वाटा मोठा.
रंग उतरत जातो खाली खाली:
चहा, गूळ, खजूर.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली.
वेलजीभाईंनी पहिली फळी उन्हात धरली,
फिरवली, पुन्हा फिरवली.
"सागच दिसतो. कोण विचारतंय?"
पावतीपुस्तकावर मी लिहिलेला 'आंबा'
त्यांच्या अंगठ्याखाली होता.

मी गप्प.
नोकरीचा तिसरा महिना.

झिबलकाका आले, कानावर पेन्सिल,
हुडकेश्वरला लेकीचं घर उभं राहतंय, त्याच्या दाराला लाकूड बघायला.
रंधा एकदाच फिरवला.
सालपट वळलं नाही. चुरा झाला.
त्यातली एक चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली
आणि डोळे मिटून उभे राहिले,
भाजीतलं मीठ बघावं तसे.

"सागाले तेल राह्यते, शेठ.
हे त आंबट हाये.
आंबट म्हनजे आंबाच ना?"

वेलजीभाईंना तेवढ्यात फोन आला,
जो वाजला नव्हता.

मग मीच बोलले. आंबा आहे, काका.
खिळा सरळ ठोकू नका, फाटेल,
आधी भोक पाडून घ्या.
तुळईला तर लावूच नका, ताकद कमी झालीय त्याची.
पण पाण्याची ओढ बरीचशी सुटलीय.
भादव्यात फारसं फुगायचं नाही.

त्यांनी बोटाच्या पेरानं फळी वाजवली,
कान लावला.
"आवाज खडखडीत हाये," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"साखरच गेली त फुगन कायले."

आंब्याच्या भावात नेल्या आठ फळ्या.
बिल मी केलं. वेलजीभाई त्या दिवशी
माझ्याशी फक्त आकड्यांत बोलले.

सप्टेंबरात झिबलकाकांचा फोन.
शेजारच्या घरचं दार लाथेनं उघडावं लागतं,
लेकीचं एका बोटानं.
"पन एक सांगतो बाई," म्हणाले,
"दुपारचं ऊन आलं का ते वास मारते,
आन् नातू माहा, दीड वर्साचा,
जाऊन दार चाटते."