शेऱ्याचा रकाना

सेंट्रिफ्यूज थांबलं की नळीत दोन थर दिसतात,
वर तुरीच्या वरणावरच्या पाण्यासारखं पिवळट,
खाली घट्ट लाल.
अकरा वर्षं हेच बघते आहे मी
कुरखेड्याच्या या खोलीत, जिथल्या फ्रीजवर
कोणीतरी कधीतरी चिकटवलेला मोर अजून आहे.

आता वरून एक संगणक आलाय.
मी आकडे भरते, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन,
तो थोडा वेळ गोल गोल फिरतो
आणि सांगतो, उद्या या वेळेपर्यंत
कोणाला अतिदक्षता लागेल.
सत्तरच्या वर लाल.
अतिदक्षता इथं नाही.
ती गडचिरोलीला, दोन तासांवर,
आणि रात्रीची गाडी एक.

मंगळवारी रात्री दोन लाल.

बिरजा उसेंडी, चौऱ्याऐंशी.
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
बिरजाचं रक्त मी नाव न वाचता ओळखते.
काचपट्टीवर तिच्या पेशी इळ्यासारख्या,
धान कापून झाल्यावर बांधावर टाकून दिलेल्या.
सहा पूर्णांक आठवर ती तेंदूपाला तोडते,
सहा पूर्णांक आठवर बाळंत झाली,
बारशाचे मोहाचे लाडू घेऊन
स्वतः चालत आली इथवर.
ज्यांच्या रक्तावर हे यंत्र शिकलं
त्यांच्यासाठी सहा पूर्णांक आठ म्हणजे कोसळणं.
तिचं ते राहतं घर.

दुसरा चैतराम नैताम.
खाटेवर मांडी घालून बसलेला,
अंगात ताप, जांघेत किड्याने चावल्याचा काळा डाग,
आणि वॉर्डबॉयकडे खर्रा मागत होता.
"मले काय झालं? मी त सकाळी बांधीत जातो."
दुपारी एक्केचाळीस. दिवेलागणीला अठ्ठावन्न.
रात्री नऊला सत्त्याहत्तर.
माणूस दिसायला दुपारी होता तसाच.
आकडा मात्र चढत होता,
वर रस्ता कोरडा असताना
पुलाखाली सती नदी चढत जाते तसा.

डॉक्टर पंचबुद्धे नवीन, वयाने माझ्या भाच्याएवढे.
पडद्याकडे बघत म्हणाले, चौऱ्याऐंशी की सत्त्याहत्तर,
मला नव्हे, स्वतःलाच.
मी म्हटलं, सर, बिरजाचं नेहमीचं आहे.

चैतराम गेला.
खर्रा कोणीतरी दिलाच होता शेवटी.
मागे त्याची बायको, हातात डबा, पायात चप्पल नाही.
दिवा सागांच्या मागे दोनदा चमकला.

मग खोली, फ्रीज, मोर, मी.
पडदा अजून चौऱ्याऐंशीच म्हणत होता.
त्याला समजावता येत नाही,
आणि न ऐकल्याचा त्याला रागही येत नाही.
सहा पूर्णांक आठ जुनं, खरं आहे.
पण पांढऱ्या पेशी अठरा हजार?
त्या मागच्या वेळी किती होत्या?
मीही शिकलेच ना, याच नळ्यांवर,
माझ्या अंदाजाला लाल-पिवळा रंग नाही इतकंच.
जुनी रजिस्टरं काढली.
उंदरांनी एकच कुरतडलं होतं,
नेमका तिचा तो पावसाळा.

चारला पुन्हा सुई घेऊन गेले.
बिरजा जागीच, पोटऱ्या दाबत बसलेली.
"किती रगत नेता वो बाई? जमा करून काय करता?"
"पायतो," म्हटलं.
"थोडसं ठेवजा मंग माह्यासाठी."
हसली. हसताना
एकदा दम घेण्यासाठी थांबली.
की मला वाटलं तसं.

नळी फिरायला लावली.
शेऱ्याच्या रकान्यात रात्रीचं माझंच अक्षर: नेहमीचं.
खोडलं नाही.
पुढे फक्त वेळ लिहिली, चार वाजून दहा,
आणि गडचिरोलीहून परत निघालेली गाडी
आता आरमोरीपर्यंत आली असेल का, हे मोजत
यंत्र थांबण्याची वाट बघत उभी राहिले.