बेशरमाच्या काठ्या

रविवारी साडेसहाला आम्ही तळ्यावर.
हजेरी मी लिहितो. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, ती सवय.
इनास डिमेलो: आला.
सनदीमास्तर: आले, कोयता विसरले.
रुद्रव्वा: सुनेला घेऊन.
मुरकुट्यांचा संकेत: उभ्यानं झोपलेला, तरी हजर.

येळ्ळूरच्या गडावर ऊन आधी येतं,
मग भाताच्या खाचरांवर, मग आमच्या पाठीवर.
पाण्यावर पसरलंय त्याला मी जलपर्णी म्हणतो,
रुद्रव्वा अंतरगंगी.
नाव गंगेचं आणि गुण बघा हिचे, म्हणते, आणि ओढते.
मुळांना लोंबणारा काळा गाळ गुडघ्यापर्यंत उडतो.
कुजक्या अंड्यांचा तो वास मला ओळखीचा,
दहावीचा प्रयोग क्रमांक सात.

होडीसाठी पंचायतीला अर्ज केला होता.
दोनदा परत आला.
एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा भाषा ही नव्हे म्हणून.
तिसऱ्यांदा लिहीपर्यंत
घाटाची चौथी पायरी दिसेनाशी झाली.
मग इनासनं ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा फुगवल्या,
वर बांधलं बंद पडलेल्या बेकरीचं दार.
त्यावर खडूची उधारी अजून वाचता येते.
कुणाकुणाची, ते आम्ही वाचत नाही.

आणि काठानं बेशरम.
फुलं फिकट जांभळी, बघायला सोज्वळ,
म्हशी तोंड लावत नाहीत.
पहिल्या वर्षी आम्ही ते तोडलं, बांधावर रचलं,
फोटो काढले, चहा प्यालो.
चार सरी पडल्या आणि ढिगालाच पानं फुटली.
तुकड्या-तुकड्यानं स्वतःला बी समजून घेतलं होतं.
रुद्रव्वा एवढंच म्हणाली,
"ह्याला मातीला टेकू द्यायचं नसतंय गा."
आता फांद्या कातळावर टाकतो,
कडकड मोडेपर्यंत.

जुलैत एकदा पलीकडच्या कोपऱ्यात
संकेतनं हात वर केला. थांबा.
जलपर्णीच्या पानांवर चार अंडी,
वार्निश मारल्यासारखी तपकिरी,
आणि लांब शेपटीचा कमळपक्षी, न हलता.
"बाप आहे तो. आई अंडी घालून दुसरीकडे जाते."
रुद्रव्वाच्या सुनेनं पदर तोंडाला लावला,
हसली की काय, कळलं नाही.
सनदीमास्तर म्हणाले, एवढा तुकडा ठेवाल
तर दिवाळीला तळं परत हिरवं.
पंधरा दिवसांत दुप्पट, हिशेब आहे.
इनास म्हणाला, हिशेबात चार अंडी पण धरा मास्तर.
अर्धा तास वाद झाला, मराठीत, कानडीत,
मास्तर चिडले की उर्दूत.
शेवटी नायलॉनची दोरी भोवती फिरवली,
रिकाम्या बाटल्या बांधल्या तरंगायला.
मग रोज कुणीतरी येऊन
दोरीबाहेर आलेली पानं खुडून जायचं.
मास्तर सगळ्यात जास्त वेळा. वहीत आहे.

वहीत नाही ते असं:
आठवीत आम्ही इथंच क्रिकेट खेळायचो.
स्टंपासाठी तीन काठ्या मी आणल्या होत्या,
मामाच्या गावच्या ओढ्यावरून,
सायकलच्या दांडीला बांधून. बेशरमाच्या.
अंधार पडला, चेंडू पाण्यात गेला,
काठ्या कुणी उपटल्या नाहीत.
तेव्हा तळ्याला दुसरं बेशरम नव्हतं.
असेलही. मला आठवत नाही,
आणि ज्यांना आठवेल ते आता नाहीत.

खेळपट्टी होती तिथली खोडं
मी कुणाला तोडू देत नाही.
स्वतः बसतो, कुदळीनं मुळं मोकळी करतो,
ओळंब्यासारखी सरळ खाली गेलेली.
"तिथंच काय करूलालास गा कवापासून?"
रुद्रव्वा विचारते.
खोल गेलंय, म्हणतो मी.

दोन निघाली.
मधला स्टंप अजून उभा आहे.