चाळीस ग्रॅम

पेन्शन झालेली असो नसो, गुरुवारी आरिस्तिदेस बेंतांकूर येतो.
माझं शटर अजून अर्ध्यावरच असतं,
त्याखालून आधी गोफियो आत शिरतो, मग तो, वाकून.
पायसांदूत या वेळी सगळे झोपलेले असतात,
नदीवरचा वारासुद्धा.

गोफियो म्हणजे भाजलेल्या मक्याचं पीठ. कुत्र्याचा रंग तोच.
एक कान शाबूत, दुसऱ्याची हकिगत दर वेळी निराळी.

दुकानात अकरा पोती, तोंडं दुमडलेली,
प्रत्येकात एक पत्र्याचं माप खोचलेलं.
तो कपाळावरचा चष्मा नाकावर आणतो
आणि पोत्यांच्या पाठी वाचू लागतो,
मोठ्यानं, लग्नाच्या याद्या वाचाव्यात तसा:
मका. गव्हाचा कोंडा. मांस आणि हाडांची भुकटी.
तांदळाची कणी. कोंबडीची चरबी. मीठ. रंग.

"रंग कुणासाठी, विल्मार?
याला तांबडं-हिरवं सारखंच."
गिऱ्हाइकासाठी, मी म्हणतो.
"म्हणजे मी खायचंय हे?"

जे जास्त, ते आधी लिहितात, हे त्यानंच मला शिकवलं.
मका पहिला आला की समजायचं,
गाय फक्त पोत्यावरच्या चित्रात आहे.

एकतीस वर्षं तो मांसाच्या कारखान्यात होता,
हाडांच्या खात्यात; रविवारीसुद्धा हाताचा वास जात नसे.
भुकटीबद्दल तो वाईट बोलत नाही.
"कुणाची ते विचारू नये, एवढंच."
मात्र राख, आठ टक्के,
इथं बोट थांबतं.
"राखेचेही पैसे घेतात, बघ."

मग सोनेरी पोतं.
कोकरू पहिलं. भात दुसरा. माशाचं तेल.
किलोला दोनशे साठ पेसो.
शेजारचं साधं, ब्याण्णव.
औषधाच्या चिठ्ठीमागे तो गणित मांडतो,
खोडतो, पुन्हा मांडतो. उत्तर तेच येतं.
"डॉक्टरीणबाई म्हणते, मक्यानं खाज सुटते याला.
सुटू दे. खाजवायला पैसे पडत नाहीत."
असं म्हणतो आणि गोफियोच्या पोटावरचे
उघडे पडलेले गुलाबी चट्टे
बुटाच्या टोकानं हळूच झाकल्यासारखं करतो.

शेवटी नेहमीचंच:
दीड किलो साधं. अडीचशे ग्रॅम सोनेरी. वेगळं बांध.
"वरून पेरतो. याला वाटतं खालीही कोकरूच आहे."

आमच्या धंद्यात मापात पाप जुनंच.
माझे वडील काट्याखाली चवली चिकटवायचे.
मी फक्त बाजू बदलली:
काटा अडीचशेवर थरथरला,
मी माप आणखी एकदा, जरासं, कलतं केलं
आणि लगेच गाठ मारली.

त्यानं पिशवी तळहातावर घेतली.
डोळे मिटले नाहीत, काही नाही.
"दोनशे नव्वद."

गाठ सोडली. सोनेरी पोत्याचं तोंड उघडलं.
मूठ रिती करत गेला, आधी भसकन,
मग दाणा दाणा.
मी भिंतीवरच्या उंदराच्या औषधाची जाहिरात वाचत राहिलो.
शेवटचा एक दाणा बोटांतून निसटला,
गोफियोनं तो जमिनीला लागू दिला नाही.

"हा लिहून ठेव," म्हातारा म्हणाला.

मी लिहिला. वहीत आहे:
बेंतांकूर, एक दाणा.

माझी कुत्री गल्ल्याखाली झोपते.
संध्याकाळी झाडलोट करताना अकरा पोत्यांचं सांडलेलं
एका सुपात गोळा होतं, तेच तिचं जेवण.
फुकटचं, आणि अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी.

हिला काय घालतोस, त्यानं एकदा विचारलं होतं.
सोनेरी, मी म्हटलं.
त्यानं खाली बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला,
पोत्यांवरून फिरवतो तसा, सावकाश, शेपटीपर्यंत.
आणि काही बोलला नाही.